स्वतःच्या नोंदींचं चित्र करायचंय. नावं काढली की पुरे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तीन वर्षांच्या नोंदी तुमच्याकडे साठल्या आहेत. मनगटावरच्या घड्याळातली झोप आणि पावलं, कुठे कुठे गेलात याचा फोनने ठेवलेला माग, चार भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि वडिलांच्या आजारपणातली रक्तातल्या साखरेची वही. या सगळ्याचं मिळून एक मोठं चित्र करायचं, ते घरी लावायचं, शिवाय एका प्रदर्शनात आणि स्वतःच्या वेबसाइटवर द्यायचं, असा बेत आहे. विचारलंय ते एवढंच: चार्ट कोणता, सॉफ्टवेअर कोणतं, आणि जाता जाता, 'नावं काढली की पुरे ना?'

या जाता जाता विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. चार्ट कोणता हे त्याच्या उत्तरावर ठरतं आणि सॉफ्टवेअर तर अगदी शेवटी येतं. लोक आपल्या डायऱ्या, औषधांच्या नोंदी, खर्चाच्या वह्या घेऊन येतात आणि त्यातून बघावंसं वाटेल असं काहीतरी करून मागतात, हेच माझं काम आहे. त्यामुळे हा घोळ मी बऱ्याच घरांत पाहिलाय.

वडील आता कसे आहेत, त्यांना विचारता येईल का, भावंडांचं आपापसांत कसं आहे, प्रदर्शनाला ओळखीचे लोक येणार की अनोळखी, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून 'हे करा, ते करू नका' अशी यादी देण्यात अर्थ नाही. मी कसा विचार करते ते मांडते, तुमच्या घरची परिस्थिती तुम्ही त्यात घाला.

सगळ्यात आधी या चार नोंदी चार कोऱ्या कागदांवर लिहा आणि प्रत्येकीखाली एकच प्रश्न लिहा: यात माझ्याशिवाय आणखी कोण दिसतं? पावलांचं सोडा, ती तुमचीच. झोपही तुमचीच वाटते, पण ओळीने दोन महिने रात्री दोनला आणि चारला जाग येत असेल, तर त्या काळात घरात तान्हं बाळ होतं किंवा आजारी माणूस होतं, हे त्या आलेखात दिसतंच. फिरण्याच्या नोंदी तुमच्या, पण दर गुरुवारी संध्याकाळी तासभर एकाच ठिकाणी थांबत असाल तर तिथे कोणीतरी राहतं किंवा बसतं. ग्रुप चौघांचा. आणि साखरेची वही तुमच्या कपाटात असली, त्यातली निम्मी पानं तुम्ही लिहिलेली असली, तरी रक्त वडिलांचं आहे. हा कागद भरून झाला की बहुतेकांना कळतं की 'माझा डेटा' म्हणून जे आणलं होतं, त्यातला निव्वळ आपला भाग फार थोडा आहे.

आता नावांचं. २००६च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साधारण साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर केलेले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावं काढलेली होती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. पण माणूस आपल्याच आडनावाची माणसं शोधतो, आपल्या गावात मिळणाऱ्या सेवा शोधतो, आपल्या दुखण्यांबद्दल शोधतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी थोड्याच दिवसांत एका क्रमांकामागची बाई शोधून काढली. जागेच्या नोंदींचं तर याहून अवघड आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. ठिकाण टॉवरच्या हद्दीइतकं ढोबळ आणि वेळ तासापुरती, एवढीच माहिती. तरीही एखाद्या माणसाच्या 'कुठे आणि केव्हा' अशा चार जोड्या माहीत असल्या, तर ९५ टक्के लोकांचा माग त्या सगळ्या गर्दीतून वेगळा ओळखता येत होता.

ही उदाहरणं दिली ती परक्या माणसाच्या भीतीसाठी. तुमच्या बाबतीत मला परक्यापेक्षा जवळच्याची काळजी जास्त वाटते. ग्रुपच्या चित्रात चार भावंडं चार रंगांनी दाखवलीत आणि नावं गाळलीत, तर प्रदर्शनातल्या अनोळखी माणसाला काही कळणार नाही. पण तुमच्या वहिनीला, आत्येभावाला, थोरल्याच्या ऑफिसातल्या मित्राला निळा कोण आणि पिवळा कोण हे पाच मिनिटांत कळेल. आणि पिवळा रंग वडिलांच्या आजारपणातले तीन महिने ग्रुपवर दिसतच नाही, हेही. नाव काढून परक्यापासून थोडंफार संरक्षण मिळतं, ओळखीच्या माणसापासून अजिबात नाही. आणि घरातले गैरसमज परके करत नाहीत.

मग काय, काही दाखवूच नये? तसं नाही. इथून पुढे या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

आलेखाच्या अभ्यासात एक प्रसिद्ध प्रयोग आहे, विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांचा, १९८४चा. माणसाचा डोळा कोणत्या चिन्हावरून आकडा जास्त अचूक वाचतो, हे त्यांनी तपासलं. एकाच पट्टीवरचं स्थान सर्वांत अचूक वाचलं जातं. त्यानंतर लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ. रंगाच्या छटेवरून आकडा सांगणं सगळ्यात कठीण. ही क्रमवारी आम्हा लोकांना शिकवली जाते ती 'वरची चिन्हं वापरा, खालची टाळा' अशी. ऑफिसच्या अहवालासाठी ते बरोबरच आहे. खासगी नोंदींसाठी मात्र मी ही शिडी दोन्ही दिशांनी वापरते. ज्याला नेमका आकडा कळायला हवा त्याच्यासाठी वरची पायरी. ज्याला फक्त चढउतार किंवा एकूण पोत जाणवला तरी पुरे, त्याच्यासाठी खालची: छटा, दाटपणा, धाग्याची जाडी. अचूकता किती ठेवायची आणि कोणाच्या हातात द्यायची, हे ठरवणं म्हणजेच इथलं डिझाइन. खासगीपणाचा विचार चित्र पूर्ण झाल्यावर करायला बसलात तर हातात फक्त खोडरबर उरतो.

यात एक पळवाट आहे, ती बुजवून टाका. स्क्रीनवरची छटा डोळ्याला वाचता आली नाही तरी कोणत्याही चित्राच्या सॉफ्टवेअरमधलं रंग उचलायचं ड्रॉपर ती नेमकी वाचतं आणि त्यावरून आकडा परत काढता येतो. म्हणून आधी आकड्यांचे तीन-चार गट पाडा आणि मग प्रत्येक गटाला एक छटा द्या. गट पाडल्यावर मूळ आकडा त्या चित्रात उरतच नाही.

'पण मग ते खोटं होणार नाही का?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उलट बऱ्याचदा ते जास्त खरं होतं. वडिलांची वहीच घ्या. घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, २०१३ची आवृत्ती), त्यानुसार १०० मिग्रॅ/डेली (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) किंवा त्यावरच्या वाचनात खऱ्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि तेसुद्धा ९५ टक्के वाचनांपुरतं. म्हणजे खरी साखर १८० असेल तेव्हा यंत्राने १५३ दाखवले काय किंवा २०७ दाखवले काय, यंत्र नियमात बसतं. मग १७८ आणि १८३ हे दोन बिंदू वरखाली काढून तुम्ही नक्की काय दाखवताय? झोपेचं तसंच. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर मेंदूच्या लहरी लागतात, त्या प्रयोगशाळेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतात. एकूण किती झोपलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं, पण अंथरुणात स्वस्थ पडून जागे असाल तर तेही पुष्कळदा झोपेत धरतं. 'गाढ झोप १ तास १७ मिनिटं' या आकड्यातली ती १७ मिनिटं मी कधीच काढत नाही.

म्हणून कोणतंही चिन्ह ठरवताना मी दोन गोष्टी विचारते. उपकरणाला खरोखर किती बारीक कळतं? आणि बघणाऱ्याला किती बारीक कळायला हवं? दोन्हींतलं जे जास्त ढोबळ, तेवढंच चित्रात जातं.

ढोबळ चित्रसुद्धा किती बोलतं, याचं एक छान उदाहरण जर्मनीतलं आहे. म्युनिकजवळ रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या एका बाईने २०१८ साली गाड्यांच्या उशिराचा मफलर विणला. रोजच्या दोन ओळी. उशीर पाच मिनिटांच्या आत असेल तर राखाडी लोकर, पाच ते तीस मिनिटं असेल तर गुलाबी, आणि जाता-येता दोन्ही वेळा उशीर किंवा एकदा तीस मिनिटांच्या वर गेला तर लाल. नेमकी वेळ नाही, गाडीचा नंबर नाही, स्टेशन नाही. तरी तो बघून कोणालाही एका वर्षाचा वैताग समजतो. २०१९च्या सुरुवातीला तो लिलावात ७,५५० युरोला गेला आणि पैसे प्रवाशांना मदत करणाऱ्या संस्थेला दिले गेले. तीन रंग, बस.

दुसरं उदाहरण जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघी डिझायनर मैत्रिणींचं. एक न्यूयॉर्कला, एक लंडनला. २०१४-१५मध्ये वर्षभर, ५२ आठवडे, दर आठवड्याला दोघींनी एकच विषय घेऊन आपापल्या आयुष्यातल्या नोंदी ठेवल्या आणि हाताने काढलेलं पोस्टकार्ड एकमेकींना पाठवलं. किती वेळा तक्रार केली, किती वेळा घड्याळ बघितलं, असले विषय. कार्डाच्या एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला चिन्हांचा अर्थ. आता ही कार्डं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली: चित्र आणि त्याची चिन्हसूची या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरच्या प्रतीला पूर्ण सूची द्या, प्रदर्शनाच्या प्रतीला अर्धी. मात्र चिकाटीने बघणारा माणूस सूचीशिवायही बरंच ओळखतो. जे कळलं तर कोणाचं नुकसान होईल, ते सूची लपवण्याच्या भरवशावर चित्रात ठेवू नका.

आता तुमच्या एकेका नोंदीकडे येते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्या सारख्या अवघड नाहीत.

झोप आणि पावलं सोपी. घड्याळ घातलं नव्हतं ते दिवस रिकामे ठेवा. शून्य लिहू नका आणि आजूबाजूच्या दिवसांची सरासरी काढून भोक बुजवू नका. बरीच सॉफ्टवेअरं दोन बिंदूंमधली रेघ आपणहून जोडून टाकतात, ती सेटिंग बंद करा. कधी कधी रिकामे दिवसच सगळ्यात बोलके असतात. आणि चांगली रात्र हिरवी, वाईट रात्र लाल हे कृपा करून नको. झोपेचे आकडे सुधारण्याच्या नादात झोप उडालेल्या रुग्णांबद्दल २०१७मध्ये डॉक्टरांनी लिहिलं आणि त्या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. स्वतःचं प्रगतिपुस्तक भिंतीवर लावून त्याखाली झोपायचं असेल तर गोष्ट वेगळी.

फिरण्याच्या नोंदींत पहिला मोह नकाशाचा होतो. सुंदर दिसतो, आणि सगळ्यात जास्त बोलतो. घर कुठे आहे हे शोधायला अक्कल लागत नाही, रात्रीचे बिंदू जिथे दाटलेत तिथे. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर, तिसरा म्हणजे सुमारे ११० मीटर, दुसरा म्हणजे किलोमीटरभर. तेव्हा आकडे दोन दशांशांवर आणून ठेवले तर थोडा आडोसा होतो. काही ॲप्समध्ये घराभोवती एक वर्तुळ पुसून टाकायची सोय असते. पण ते वर्तुळ घरालाच केंद्र धरून काढलं असेल, तर तुमच्या वेगवेगळ्या वाटा ज्या बिंदूंवर तुटतात ते सगळे परिघावर येतात. परिघावरचे तीन बिंदू मिळाले की केंद्र काढता येतं, हे शाळेच्या भूमितीतलं आहे. नकाशा फिरवून ठेवला, उत्तर दिशा काढून टाकली, तरी रस्त्यांची वळणं जुळवता येतात.

अनेकांच्या नोंदी एकत्र केल्या की प्रश्न सुटतो, हाही भरवसा नको. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या धावण्या-सायकलिंगचा एकत्रित उजळ नकाशा प्रसिद्ध केला, एकाही माणसाचा वेगळा उल्लेख नसलेला. दोनच महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं की जिथे आसपास दुसरं कोणी धावत नाही अशा ओसाड भागांत लष्करी तळांच्या आतल्या वाटा लख्ख दिसताहेत. बेरजेत माणूस लपतो तो गर्दी असेल तर. तुम्ही तर चौघंच आहात.

मी तुमच्या जागी असते तर नकाशा सोडून दिला असता आणि फक्त घरापासूनचं अंतर काढलं असतं. आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष घरापासून किती लांब. दिशा गेली, ठिकाण गेलं, आणि तरीही तीन वर्षांचा श्वास त्यात येतो: रोजचं जाणं-येणं, एखादा लांबचा प्रवास, आणि वडील दवाखान्यात होते तेव्हाचा तो एकाच उंचीवर अडकलेला पट्टा. अंतरही नेमकं नको. पायी जाण्याएवढं, गावातलं, गावाबाहेरचं, खूप लांबचं, असे चार थर पुष्कळ झाले.

ग्रुपवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण भांडणं इथे होतात.

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ, नाव आणि मजकूर असतो. लोक म्हणतात, 'मजकूर घेतच नाही, फक्त वेळा घेतो, मग काय हरकत?' पण वेळासुद्धा बोलतात. कोण रात्री दोनला जागं असतं, कोणाच्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर येतं आणि कोणाचा दोन दिवस तसाच पडून राहतो, हे सगळं वेळांत आहे. डिलीट केलेल्या मेसेजच्या जागी तशी सूचना राहते. ती मोजलीत तर कोण लिहून पुसतं, तेही निघेल. तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे, पण करू नका. आणि मेसेजवरून 'मूड' ओळखणारी सॉफ्टवेअरं या ग्रुपवर चालवू नका. मराठी-इंग्रजी मिसळलेलं, अर्धं टोमण्यात लिहिलेलं त्यांना धड समजत नाही. 'ठीक आहे' या दोन शब्दांचे तुमच्या घरात किती अर्थ होतात ते तुम्हालाच माहीत.

कोणी किती मेसेज केले याचा चार खांबांचा आलेख हा सगळ्यात आधी सुचतो आणि तोच सगळ्यात वाईट. तो निघाला की लगेच गुण दिल्यासारखं होतं. कमी बोलणारं भावंड कदाचित फोन करणारं असेल, किंवा रोज प्रत्यक्ष दवाखान्यात बसणारं. फाइलमध्ये त्याची नोंदच नाही. डेटात नसलेल्या गोष्टीबद्दल डेटा चुप्प असतो, पण चित्र मात्र निकाल दिल्यासारखं दिसतं. व्यक्ती पूर्ण काढून टाका आणि ग्रुपलाच एक माणूस धरा. प्रत्येक आठवड्याची एक आडवी पट्टी, त्यात फोटो एका प्रकारच्या ठिपक्याने, आवाजी मेसेज दुसऱ्या, लेखी तिसऱ्या. कोण बोललं हे कुठेच नाही. दिवसाऐवजी आठवडा धरला की वादाचा एखादा नेमका दिवस त्यात मिसळून जातो. तरीही पंधरा दिवसांची शांतता असेल तर ती दिसणारच, आणि ती कशामुळे होती हे चौघांनाही माहीत असणार. म्हणून हे चित्र चौघांनी मान्य केल्याशिवाय घराबाहेर नको. एखाद्याने नकार दिला तर? त्याच्या ओळी गाळून उरलेल्या तिघांचं काढणं ही पळवाट आहे, कारण रिकामी जागाही बोट दाखवते. अशा वेळी फक्त तुम्ही पाठवलेले मेसेज घ्या. 'तीन वर्षांत मी घरच्यांशी कसा बोललो' हे चित्र मला जास्त धीट वाटतं.

आता वही. तिची दोन वेगळी चित्रं करा, आणि ती एकमेकांत मिसळू नका. डॉक्टरांसाठी करायचं असेल तर तिथे कलाकारी नको: तारीख, उपाशीपोटी की जेवणानंतर, मिग्रॅ/डेली, साधी बिंदूंची रेघ, औषध बदललं त्या दिवशी उभी खूण. डॉक्टरांना अचूकता हवी असते आणि त्यांचा तो हक्क आहे. धूसर करणं हा धर्म नव्हे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यू त्या-त्या घरासमोर छोट्या काळ्या रेघेने नकाशावर मांडला, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती रेघा कशा दाटतात ते दिसलं. तिथे ठिकाण पुसलं असतं तर नकाशाला अर्थच उरला नसता.

प्रदर्शनासाठी मात्र वही एकदा आकड्यांकडे न बघता चाळा. मागे एका घरची अशीच वही माझ्याकडे आली होती. सुरुवातीची पानं रुग्णाच्या स्वतःच्या अक्षरात, ओळी सरळ, तारखेखाली रेघ मारलेली. मग अक्षर थोडं कापरं. मग अचानक बॉलपेनचा रंग बदलतो आणि दुसऱ्याच हाताचं घाईतलं अक्षर सुरू होतं. त्यानंतर हा दुसरा आणि आणखी एक तिसरा हात आलटून पालटून. पुढे एका पानावर पुन्हा पहिलं अक्षर, दोनच ओळी. आम्ही साखर पूर्ण टाकून दिली आणि प्रत्येक नोंदीसाठी एक टाका घातला, धाग्याचा रंग लिहिणाऱ्या हाताप्रमाणे. सुती कापडावर, आठवड्याची एक ओळ, नोंद नाही तिथे टाका नाही. रुग्णाची प्रकृती किती बिघडली होती याचा एकही आकडा त्यात नव्हता, आणि घराने ते दिवस कसे वाटून घेतले ते सगळं होतं. लेखनिकांना 'पहिला हात, दुसरा हात' असंही म्हटलं नाही, फक्त तीन रंग. तुमच्या वहीत असं काही असेलच असं नाही. पण समासात 'चक्कर', 'यंत्र बंद', 'नंतर घेतली' अशा खुणा असतील, खाडाखोड असेल, एखाद्या पानावर डाग असेल. आकड्यांव्यतिरिक्त वहीत काय आहे ते आधी बघा, एवढंच म्हणणं आहे.

तारखा बदलायच्या असतील तर एक बारीक गोष्ट. सगळ्या नोंदी एकाच संख्येने पुढेमागे सरकवल्या की मधली अंतरं शाबूत राहतात, ते चांगलं. पण झोपेत आणि फिरण्यात सुट्टीच्या दिवसाचा ताल स्पष्ट दिसतो. सरकवण्याची संख्या सातच्या पटीत नसेल तर तुमचा 'रविवार' बुधवारी दिसायला लागतो आणि चलाख माणूस उलटं गणित करतो. पटीत ठेवा, किंवा तारखा काढून फक्त 'पहिला आठवडा, दुसरा आठवडा' लिहा. आणि जे बदललंत ते चित्राखाली एका ओळीत सांगून टाका: 'तारखा सरकवल्या आहेत, आकडे गटांत आहेत.' न सांगता केलं तर मात्र ती फसवणूक.

परवानगी मागताना 'मी आपल्या ग्रुपवर एक प्रोजेक्ट करतोय, चालेल ना?' असं विचारू नका. सगळे अंगठा दाखवतात आणि कोणालाच काय होणार ते कळलेलं नसतं. कच्चं चित्र समोर ठेवा आणि तुम्हाला त्यातून जे दिसतं ते स्वतःहून मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः अवघड भाग. मग तीन वेगळे प्रश्न विचारा: घरात लावू का, प्रदर्शनात देऊ का, इंटरनेटवर टाकू का. एकाला हो म्हणजे तिन्हींना हो नाही. भिंतीवरचं उद्या काढता येतं, इंटरनेटवर गेलेलं कोणाच्या फोनमध्ये जाऊन बसलंय ते कळत नाही. वडिलांना विचारता येत असेल तर भावंडांच्या आधी त्यांना विचारा, आणि एकट्याने विचारा, सगळ्यांसमोर नाही. ते नसतील किंवा सांगण्याच्या स्थितीत नसतील, तर त्यांनी स्वतः हे कोणाला दाखवलं असतं, एवढंच प्रामाणिकपणे आठवा. आपल्या आजाराबद्दल शेजाऱ्यालाही न सांगणारा माणूस असेल तर उत्तर तुमच्याकडे आहे.

इथवरचं थोडक्यात: नावं काढून भागणार नाही, व्यक्तीऐवजी एकत्रित ताल, ठिकाणाऐवजी अंतर, आकड्याऐवजी गट, आणि घर, प्रदर्शन, वेबसाइट या तीन ठिकाणांसाठी एकाच नोंदीच्या तीन वेगळ्या प्रती.

राहिलं सॉफ्टवेअर. पहिले दोन आठवडे चौकटीचा कागद आणि रंगीत पेन्सिली, मी गमतीने म्हणत नाहीये. हाताने शंभर ठिपके काढताना प्रत्येक ठिपका खरंच हवाय का, हा प्रश्न आपोआप पडतो. यंत्र हजार ठिपके न विचारता काढून देतं. त्यानंतर साधी स्प्रेडशीट आणि रॉग्राफ्स हे चार्ट काढायचं साधन पुरेल. ते ब्राउझरमध्येच चालतं, तुमच्या नोंदी सर्व्हरवर पाठवत नाही. कोड येत असेल तर आर, पायथन किंवा डी-थ्री, जे हाताला बसलं असेल ते. फुकटच्या ऑनलाइन चार्ट-साधनांत काम आणि त्यामागचा तक्ता आपोआप सार्वजनिक होत नाही ना, हे आधी बघून घ्या. आणि भावंडांच्या गप्पांची फाइल 'जरा सारांश काढ' म्हणून कुठल्याही एआय चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. परवानगीचा प्रश्न तिथेच सुरू होतो, चित्र काढल्यावर नाही.

शेवटी वेबसाइटवर टाकायची फाइल. माउस नेल्यावर आकडा दाखवणारा चार्ट देखणा असतो, पण त्याच्या मागचा पूर्ण तक्ता बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरलेला असतो. पडद्यावर तुम्ही गट दाखवा नाहीतर छटा, पानाचा सोर्स उघडला की सगळे मूळ आकडे हजर. एसव्हीजी फाइलमध्ये (यात चित्र रेघा आणि आकारांच्या रूपात साठवलेलं असतं) लपवलेले थर तसेच राहतात. पीडीएफमध्ये अक्षरांवर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर कॉपी होतो. स्लाइडमध्ये एक्सेलचा चार्ट चिकटवला तर कधी कधी अख्खी वर्कबुक सोबत जाते. म्हणून गट पाडलेला तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, चार्ट त्याच फाइलवरून काढा आणि वर चढवायचं ते साधं पीएनजी चित्र. वहीचं पान किंवा भरतकामाचा फोटो टाकणार असाल तर फोटोतली जीपीएसची नोंद आधी काढून घ्या. आणि पानाच्या कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का, डॉक्टरांचं नाव किंवा पेशंट क्रमांक राहिलाय का, ते झूम करून बघा. चढवण्याआधी ते चित्र अशा एका माणसाला दाखवा ज्याला तुमचं घर माहीत आहे पण हा प्रकल्प माहीत नाही, आणि त्याला फक्त 'यात काय दिसतं?' एवढंच विचारा. तो काय म्हणाला, आणि भावंडांनी तिन्ही प्रश्नांना काय उत्तरं दिली, ते इथे लिहा. त्याप्रमाणे ग्रुपच्या पट्टीचं पुढचं बघू.